‘जसंच्या तसं’ ही एक थाप आहे

आई-बाबा पहिल्यांदा इंग्लंडात आले की त्यांना कुठे कुठे न्यायचं, याची आपल्या सगळ्यांची यादी साधारण सारखीच असते. लंडनचा टॉवर, बाथ, स्टोनहेंज आणि मग एखाद्या रविवारी नॅशनल ट्रस्टचं एखादं जुनं घर. घर म्हणायचं आपलं, असतो तो महाल. डिकीत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि चहाचा थर्मास. आत खोल्याखोल्यांतून खुर्ची टाकून बसलेले निवृत्त स्वयंसेवक, आणि शेवटी तबेल्याच्या जागी काढलेल्या कॅफेत स्कोन. तुम्हीही गेला असाल. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून येणारं वाक्यही तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतःच म्हटलं असेल : “बघ, या लोकांनी कसं जसंच्या तसं ठेवलंय. नाहीतर आपल्याकडे!”

गेल्या उन्हाळ्यात मी ते बाबांच्या तोंडून ऐकलं. रेडिंगजवळचं बॅसिल्डन पार्क बघून आम्ही परतत होतो. त्याच आठवड्यात धाकट्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर बिल्डरच्या कराराचा मसुदा टाकला होता. सातारा जिल्ह्यातला आमचा दोन चौकी वाडा पाडून तिथे चार मजली इमारत व्हायची आहे. वाट्यात बाराजण आहेत, त्यांतली एक मी. सही हवी होती. बाबांचं ते वाक्य आणि तो मसुदा एकाच आठवड्यात समोर आल्यामुळे मला बरेच दिवस नीट झोप लागली नाही, आणि त्यातून हा लेख झाला.

मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. ते दोन्ही बाजूंनी खोटं आहे. या लोकांनी काहीही जसंच्या तसं ठेवलेलं नाही. आणि आपल्याकडे जे जातं, ते जसंच्या तसं न ठेवल्यामुळे जात नाही.

आधी बॅसिल्डन पार्कचंच बघा. तुम्ही पाहिलेलं नसलं तरी सिनेमात पाहिलं असेल. २००५च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधलं नेदरफील्ड म्हणजे हेच घर. बाथच्या मधाळ रंगाच्या दगडाचा मधला मोठा ठोकळा, दोन्ही बाजूंना दोन लहान इमारती, दर्शनी बाजूला चार उंच खांब आणि वर त्रिकोणी शिरोभाग. खांबांची ओसरी पुढे आलेली नाही, भिंतीच्या आत घेतलेली आहे, त्यामुळे ऊन तिरकं असलं की खांबांमागे दाट सावली पडते. यॉर्कच्या जॉन कार या वास्तुरचनाकाराने १७७६ साली काम सुरू केलं. बांधून घेणारा होता फ्रान्सिस साइक्स. हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. मुर्शिदाबादला नवाबाच्या दरबारात रेसिडेंट होता, क्लाइव्हच्या वर्तुळातला होता आणि बंगालमधून अफाट पैसा घेऊन परतला होता. १७७४च्या निवडणुकीत मतदारांना पैसे चारल्याबद्दल त्याची शाफ्ट्सबरीची खासदारकीही गेली.

आता ‘जसंच्या तसं’कडे या. साइक्सच्या हयातीत घर आतून पुरं झालंच नाही. बागेकडच्या बाजूची अष्टकोनी खोली, म्हणजे घरातली सगळ्यात देखणी जागा, अर्धवटच राहिली. १८३८ साली त्याच्या नातवाने घर जेम्स मॉरिसनला विकलं. मॉरिसन खानावळवाल्याचा मुलगा. रिबिनी, बटणं, कापड यांच्या घाऊक व्यापारात त्याने प्रचंड पैसा केला होता. त्याने पॅपवर्थ नावाचा रचनाकार आणला, अष्टकोनी खोली आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे पुरी करून घेतली आणि भिंतींवर आपली चित्रं लावली. म्हणजे ज्या खोलीत उभं राहून बाबा ‘अठराव्या शतकात कशी राहत असतील नाही ही माणसं’ म्हणाले, ती सजली एकोणिसाव्या शतकात.

पुढची कथा तर आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याला शोभेल अशी आहे. वारसांना घर परवडेना. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या कामी गेलं. नंतर एका जमीन-घरांच्या व्यापाऱ्याने ते घेतलं आणि अख्खं घर उतरवून अमेरिकेत पुन्हा उभारून देण्याची जाहिरात केली. गिऱ्हाईक मिळालं नाही, तेव्हा आतलं नक्षीकाम, दारं, शेकोट्यांच्या चौकटी सुट्या विकल्या. त्यातला काही भाग न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेला आणि तिथे ‘बॅसिल्डन रूम’ झाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा सैन्य आलं, युद्धकैदीही राहिले. १९५२ साली आयलिफ नावाच्या वृत्तपत्र-मालक घराण्याने घर घेतलं, तेव्हा ते पडीक झालेलं होतं.

आयलिफ दांपत्याने काय केलं असेल? लिंकनशायरमध्ये पँटन हॉल नावाचं एक घर मोडकळीला आलं होतं. तिथेही कारने काम केलेलं होतं. त्यांनी तिथली दारं आणि शेकोट्यांच्या चौकटी विकत आणून इथे बसवल्या. एकाच रचनाकाराचा हात असल्यामुळे मापं जुळली. पँटन हॉल १९६०च्या दशकात जमीनदोस्त झाला. बाबांनी कौतुकाने हात फिरवलेलं दार त्या दुसऱ्या, मेलेल्या घराचं असण्याची बरीच शक्यता आहे. अष्टकोनी खोलीच्या भिंतींवर लाल फेल्ट आलं ते आयलिफ बाईंच्या काळात. एका खोलीत तर कोव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमधल्या प्रचंड पडद्यासाठी ग्रॅहॅम सदरलंडने केलेली विसाव्या शतकातली रेखाटनं आहेत. १९७८ साली त्यांनी हे सगळं नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं.

तर सांगा, यातलं ‘तसं’ कुठलं? १७८३चं, १८४०चं, १९५२चं? एकही पूर्ण नाही. घर उभं आहे ते साइक्सची भिंत, मॉरिसनचं छत, पँटनची दारं आणि आयलिफांची हौस यांच्या बेरजेवर. दर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्याला हात लावला म्हणून ते उरलं. हात लागला नसता तर छत गळून तळघरात आलं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बदललं असेल, पण ठेवलं तर ना? या लोकांच्या रक्तातच जपणूक आहे. हेही तपासून बघा. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक प्रदर्शन झालं, विषय होता देशातल्या मोठ्या घरांचा विनाश. मागच्या शंभरेक वर्षांत पाडल्या गेलेल्या हजाराहून अधिक घरांची नावं त्यात होती. रक्तात जपणूक असलेल्या लोकांनी हजार महाल पाडले! कारणंही ओळखीचीच. १८९४पासून मृत्यूनंतरच्या संपत्तीवर मोठा कर लागला, शेतीचं उत्पन्न घसरलं, युद्धात वारस गेले, नोकर मिळेनात, छपराचं शिसं आणि दगड विकले तर घरापेक्षा जास्त पैसे यायचे.

हे थांबलं ते संस्कारांनी नाही. १९४७च्या कायद्याने जुन्या इमारतींची संरक्षित यादी करायला सुरुवात झाली. पण त्यानंतरही बरीच वर्षं मालकाने आगाऊ नोटीस दिली की भागायचं, सरकारने मुद्दाम आडकाठी केली नाही तर पाडायला मोकळीक. परवानगी घेतल्याशिवाय हातच लावायचा नाही, असा नियम आला १९६८च्या कायद्याने. म्हणजे जपणूक ही या देशाची दोन हजार वर्षांची सवय नाही. माझ्या आईच्या वयाइतकी ती जुनी आहे. भांडून, मोर्चे काढून, लेख लिहून, कर-सवलती मिळवून ती आणलेली आहे. ‘त्यांच्यात असतंच ते’ असं म्हणून आपण त्यांचं कौतुक करत नाही, स्वतःला सुटका देतो. रक्तात नाही म्हटलं की करायचं काही उरत नाही.

मूळ रूपाचं हे वेड फक्त आपल्यातच आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकात इथे जुनी चर्चं ‘मूळ मध्ययुगीन’ रूपात आणायची लाट आली होती. नंतरच्या काळातलं जे जे दिसेल ते खरवडून काढायचं आणि त्या जागी कल्पनेने मध्ययुग बसवायचं. विल्यम मॉरिसने १८७७ साली त्याविरुद्ध संस्थाच काढली. तिचं म्हणणं असं की इमारतीवर साठलेले सगळे थर हा तिचा इतिहास आहे. दुरुस्ती करा, पण ती दुरुस्ती म्हणून ओळखू येऊ द्या. खोटं जुनं करू नका. ही संस्था आजही काम करते, आणि इथल्या जपणुकीच्या विचाराचा कणा ‘जसंच्या तसं’ हा नसून ‘काय बदललं ते लपवू नका’ हा आहे.

गंमत म्हणजे ज्या क्षणी या तत्त्वाची खरी परीक्षा आली, त्या क्षणी याच देशातले बरेच लोक घसरले. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या जागांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला. त्यात ९३ जागा होत्या. अहवालात काही भयंकर नव्हतं. कुणाचा पैसा कुठून आला, एवढंच. पण वृत्तपत्रांतून काहूर उठलं. खासदारांच्या एका गटाने तक्रारीचं पत्र लिहिलं. आमच्या घरांचा इतिहास बदलू नका, रविवारच्या सहलीत राजकारण आणू नका, असा सूर होता. धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि मार्च २०२१ मध्ये सांगितलं की ट्रस्टने कायदा मोडलेला नाही.

मला त्या तक्रारींतला विनोद दिसतो. ज्या घरांच्या भिंती, दारं, खिडक्या, जिने शतकानुशतकं बदलत आले, त्यांच्याबद्दलची एक पाटी बदलली तर आभाळ कोसळलं. दार लिंकनशायरहून आणलं, हे मार्गदर्शक पुस्तिकेत अभिमानाने सांगायचं. भिंत मुर्शिदाबादहून आली, हे सांगितलं की मात्र इतिहासाची मोडतोड. घराला नवा थर चढतो तसाच त्याच्याबद्दलच्या माहितीलाही चढतो. हिशेब अर्धा लिहायचा आणि अर्धा झाकायचा, तर ती जपणूक नाही, देखावा आहे.

आता तुमच्या-माझ्या जवळचं उदाहरण देते. विल्टशायरमध्ये विलबरी हाउस नावाचं घर आहे. खासगी आहे, तिकीट काढून बघता येत नाही. १७१०च्या सुमाराला विल्यम बेन्सनने ते बांधलं. वास्तुकलेच्या इतिहासात त्याला मानाचं स्थान आहे, कारण पल्लाडिओ आणि इनिगो जोन्स यांच्या वळणावर पुन्हा घरं बांधायची जी लाट पुढे देशभर पसरली, तिची सुरुवात सांगताना याचं नाव येतं. १७१५ साली कोलन कॅम्पबेलने ‘व्हिट्रुव्हिअस ब्रिटानिकस’ या ग्रंथात त्याचं चित्र छापलं. नंतरच्या मालकांनी घर वाढवलं. आजचं घर त्या पानावरच्या घरासारखं दिसत नाही. पण ते पान आहे म्हणून कशात काय वाढलं हे कळतं.

१८०३च्या सुमाराला हे घर घेतलं सर चार्ल्स वॉर मॅलेटने. नाव ओळखीचं वाटलं? सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता तोच हा. टिपूविरुद्ध १७९० साली पेशव्यांशी तह करणारा. नाना फडणवीसांशी ज्याचं रोजचं देणंघेणं होतं, तो माणूस म्हातारपणी विल्टशायरच्या या घरात येऊन राहिला, आणि पुढे शंभरावर वर्षं घर त्याच्या वंशाकडे होतं. पुण्यात असताना त्याने जेम्स वेल्स या चित्रकाराला आसरा दिला. वेल्सने शनिवारवाड्यातल्या दरबाराची रेखाटनं केली. तो १७९५ साली वारला. मॅलेटने पुढे त्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि ती रेखाटनं वापरून थॉमस डॅनियलने १८०५ साली तहाच्या दरबाराचं भलंमोठं तैलचित्र पुरं केलं. आज ते टेटच्या संग्रहात आहे. मॅलेट-वेल्सच्या हाताखाली काम केलेल्या गंगाराम तांबटांची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आणि ज्या वाड्यात हे सगळं घडलं, तो १८२८च्या आगीत जळाला. तोही काही ‘जसाच्या तसा’ नव्हता. बाजीरावाने १७३०मध्ये पाया घातला, नंतरच्या पेशव्यांनी चौक वाढवले, तट-दरवाजे पुरे केले, कारंजी घातली. दर पिढीने हात लावला, अगदी बॅसिल्डनसारखा. फरक पडला तो आगीनंतर. आज आपण तिथे जोती बघतो आणि उरलेलं डोळे मिटून कल्पतो. आतला दरबार कसा दिसायचा याचा एक मोठा पुरावा बघायचा, तर लंडनमधल्या एका संग्रहाकडे जावं लागतं, कारण तो रेखाटून घेणारा पाहुणा होता. हे मला टोचतं. इंग्रजांनी चित्र नेलं म्हणून नाही. आपल्या घराचं चित्र आपण काढून ठेवावं, असं घरच्या कुणाला सुचत नाही म्हणून.

आता आमचा वाडा. माझं संशोधन चुन्याच्या गाऱ्यावर आहे, म्हणून मी भिंतींकडे जरा जास्त बघते. लहानपणी मला वाडा म्हणजे एकच अखंड जुनी गोष्ट वाटायची. आता कळतं की तो पाच-सहा वाडे एकात एक बसवलेला आहे. पुढचा चौक सगळ्यात जुना : ओटी, सागवानी खांब, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. मागचा चौक आणि माडी पणजोबांची. नळीची कौलं जाऊन मंगलोरी कौलं आली, ती त्यांच्याच हयातीत. शहाबादी फरशी आजोबांनी घातली. आजी पाय घसरून पडली तेव्हा काकांनी बळदाच्या शेजारच्या अंधाऱ्या खोलीत संडास-बाथरूम केलं, आणि त्याच वेळी बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर ‘बदल म्हणजे चांगलंच’ असं मी म्हणते आहे असं वाटेल. ते बाथरूम हा त्या वाड्याला झालेला सगळ्यात शहाणा बदल होता. आजी त्यानंतर अकरा वर्षं तिथे सुखाने राहिली. आणि तो गिलावा हा सगळ्यात घातक. चुना आणि माती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंट ती सोडू देत नाही. पावसाचं पाणी एखाद्या भेगेतून आत गेलं की गिलाव्यामागे कोंडून बसतं, माती मऊ होते, खांबाचा पाया कुजतो. भिंत बाहेरून टणक दिसते आणि आतून मरते. ही चूक अडाणीपणाची नव्हे. विसाव्या शतकात इथल्या शेकडो जुन्या घरांवर, चर्चांवरही हेच सिमेंट थापलं गेलं, आणि आता ते छिन्नीने काढून पुन्हा चुना लावण्यात लोकांची आयुष्यं चालली आहेत. माझा पगारही त्याच कामातून येतो. तेव्हा प्रश्न बदलायचं की नाही हा नाही. घर काय सोसतं, ते कळून बदललं का, आणि काय बदललं ते लिहून ठेवलं का, हा आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. साइक्सचा पैसा कुठून आला, हे पाटीवर लिहिलं पाहिजे, यावर आपल्या मराठी मंडळातल्या गप्पांत झटकन एकमत होतं. मग माझ्या पणजोबांची माडी कुठून आली? सावकारीतून. घरात हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, ‘देवघेव होती’ म्हणतात. सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हे आपण शाळेत शिकलो. पण आपल्या घरच्या चोपड्या कुणी उघडत नाही. वाड्याला मागे एक ठेंगणी दिंडी आहे. सरपण तिथून यायचं, आणि ते आणणाऱ्यांना चौकात पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्या दिंडीची उंची, तिची जागा, तिथून विहिरीकडे न जाणारी वाट, ही सगळी वास्तुरचनाच आहे. आमच्या घरच्या आठवणींत ओटी आहे, झोपाळा आहे, तुळशीवृंदावन आहे. दिंडी नाही. नॅशनल ट्रस्टच्या त्या रागावलेल्या सभासदांना हसताना मला हे आठवतं आणि मी गप्प होते.

तुमच्यापैकी काहींना आता राग आला असेल. इंग्लंडात बसून वाड्यावर उपदेश करणं सोपं आहे, छप्पर गळतं तेव्हा बादल्या काका लावतात. खरं आहे. इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी राहते आणि तिथे एकट्या काकूला रात्री मागच्या चौकात जायची भीती वाटते. बारा वाटेकऱ्यांच्या वाड्याला ना कर्ज मिळतं, ना दुरुस्तीला अनुदान. बहुतेक घरं आयलिफांसारखा पैसेवाला मिळेपर्यंत तग धरत नाहीत, पँटन हॉलनेही धरला नाही. तेव्हा वाडा पाडू नका असं मी कुणाला सांगणार नाही. आमचा वाडा पडेल. मला ते कळलेलं आहे, आणि बहुधा मी सहीही करेन.

पण मी काकांना एक अट घातली. पाडण्याआधी वाडा मोजायचा. पुण्याहून वास्तुकलेचे विद्यार्थी बोलवायचे, प्रत्येक मजल्याचा नकाशा, दोन-तीन ठिकाणचे उभे छेद, दारं-खांबांची मापं, फोटो, आणि प्रत्येक भागापुढे तो कुणी, केव्हा, कशासाठी आणि कशाच्या पैशातून बांधला ते. माहीत नसेल तिथे कोरं सोडायचं. मागची दिंडीही काढायची, नावानिशी. खर्च आम्ही परदेशातली तीन चुलत भावंडं करतो म्हणाले. तो माझ्या एका महिन्याच्या भाड्याएवढाही नाही.

काकांचं उत्तर आलं : “पाडायचंच आहे तर मोजायचं कशाला?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. माणूस जाणारच असतो तरी आपण त्याचं नाव-गाव विचारून ठेवतोच. मोजायचं ते यासाठी, की न मोजलेलं घर पाडलं की वीस वर्षांत त्याची दंतकथा होते. मग आमची पोरं सांगतील, आमचा मोठा वाडा होता, अगदी पेशवेकालीन, जसाच्या तसा. ना बाथरूम आठवेल, ना सिमेंट, ना दिंडी. त्या थापेतून ती एक अस्सल, स्वच्छ, कधी न बदललेली संस्कृती रचतील आणि तिच्यावरून इथल्या गणपतीत एकमेकांशी भांडतील. आपण आताही थोडंफार तेच करतो.

परवा बाबांना फोन केला. ‘जसंच्या तसं’वर वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की मंगलोरी कौलं नक्की कधी आली? ते म्हणाले, मला काय आठवतंय. मग तास-सव्वा तास बोलले. कौलं रेल्वेने कुठवर आली, पुढे बैलगाड्या कुणाच्या होत्या, एक गाडी उलटली तेव्हा किती कौलं फुटली, फुटक्या कौलांचा चुरा कुठे भरला. मध्येच थांबून म्हणाले, त्या दिंडीतून येणाऱ्या बाईचं नाव मला माहीत होतं गं, आठवत नाहीये आता. मी वहीत त्या ओळीपुढे जागा सोडली.

या डिसेंबरात तुम्ही घरी जाल तेव्हा बॅगेत चॉकलेटांबरोबर एक मोजायची टेप टाका, पाच मीटरची. वाडा नसेल, चाळीतली खोली असेल, मातीचं घर असेल, सत्तर सालची कॉलनी असेल. एक माणूस टेपचं टोक धरायला लागतो. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस धरा आणि विचारत जा, ही भिंत कधीची, ही कुणी घातली, पैसे कुठून आले. आणि पुढच्या उन्हाळ्यात बॅसिल्डनसारख्या एखाद्या घरात गेलात, तर खोलीतल्या त्या स्वयंसेवक आजोबांनाही हेच तीन प्रश्न विचारा. बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना पाठ असतात. तिसऱ्यालाही थांबून राहा.